मामाची अक्षरं उशिरा यायची तेव्हा

पेडण्याला मामाकडे मी एरवी जायची ती जत्रेला नाहीतर चवथीला. त्या रविवारी मात्र आईच्या हुकमावरून गेले. "तू सगळ्या डिचोलीक कॉम्प्युटर शिकयता, आनी तुज्या सख्ख्या मामाचो कॉम्प्युटर तसोच पडलां," एवढं एकच वाक्य ती आठवडाभर मला जेवताना वाढत होती. शेवटी वैतागून मी सकाळची बस पकडली, म्हापशाला बदलली आणि पेडण्याला उतरले.

तेव्हा मी डिचोलीला बसस्टँडजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत असे. गोवा राज्य झाल्याला बरीच वर्षं लोटली होती, कोंकणी राजभाषा झाल्यालाही. एकेकाळी त्यावरून घराघरांत पेटलेली भांडणं आता लग्नाच्या पंगतीत टोमण्यापुरती उरली होती. नवीन वेड होतं ते कॉम्प्युटरचं. ज्याच्या त्याच्या घरी मेजावर एक भला थोरला मॉनिटर, खाली पांढरा डबा आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून काहीतरी पांघरलेलं. तो डबा बिघडला की मला बोलावणं यायचं. मी फुकट जायची आणि फणफणत परत यायची. माझा स्वभाव मुळातच चिडका आहे, आणि लोकांनी कॉम्प्युटरचे जे हाल केलेले असत ते बघून तो आणखी चिडका व्हायचा.

मामाचं प्रकरण मात्र वेगळं होतं, म्हणून ते आधी सांगायला हवं.

मामा पेडण्याच्या मामलेदार कचेरीत कारकून होता. दिवसभर मराठी टाइपरायटर बडवायचा आणि संध्याकाळी देवळाच्या मंडपात गावचं नाटक बसवायचा. जत्रेला पेडण्यात मराठी नाटक व्हायचंच, आणि ते मामाच बसवायचा, हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तसंच चालत आलं होतं. त्याचा आवाज असा होता की तालमीत एखाद्याचा उच्चार चुकला की मंडपातली ओरड रस्त्यापलीकडच्या पदेराच्या भट्टीपर्यंत पोचायची. पदेर पाव भाजता भाजता म्हणायचा, "मास्तर तापलो." त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्याने एक दिवसही शिकवलं नव्हतं.

मग त्या घशातच रोग निघाला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. घोगरा वगैरे झाला नाही, पार गेला. गळ्याला भोक पाडलेलं, त्यातून श्वास. डॉक्टरांनी गळ्याला लावून बोलायचं एक उपकरण दिलं होतं. त्याचा आवाज ऐकून फोंड्याची नात रडायला लागली, तेव्हा मामाने ते कपाटात टाकून दिलं. मग त्याच्या मुलीने आणि जावयाने फोंड्याहून कॉम्प्युटर आणून दिला. मामाची बोटं मराठी टायपिंगला सरावलेली होतीच. त्याने जनेलापाशी, खिडकीला लागून, मेज लावून घेतलं, शेजारच्या कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, बसणाऱ्याला वाचता यावीत एवढी मोठी अक्षरं करून घेतली आणि तो पुन्हा बोलायला लागला. मामीच्या तोंडून फोनवर हे ऐकलं तेव्हा मी डिचोलीच्या एसटीडी बूथमध्ये उभी राहून रडले होते.

आणि आता तो कॉम्प्युटर बिघडला होता.

मी पोचले तेव्हा मामा मेजापाशीच बसला होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला. त्याने कीबोर्डवर सरसर बोटं चालवली आणि हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसला. मीही बघत बसले. पडदा कोरा. मामी पाणी घेऊन आली, मी प्यायले, चप्पल काढून कोपऱ्यात ठेवली, पिशवीतल्या आईने दिलेल्या नेवऱ्या मामीकडे दिल्या. मग एकदम सगळी अक्षरं गर्दीने आली. "ये बाळ. प्रवास ठीक झाला ना?" त्यातली दोन अक्षरं गळलेली.

"हें अशें," मामी म्हणाली. "आमी उलोवन सोंपयतात, मागीर हांचें येता." म्हणजे आमचं बोलून संपतं, मग ह्यांचं उत्तर येतं.

सकाळभर मी ते नुसतं बघत होते. कुणी विचारायचं, "मास्तर, बरे आसात मू?" मामा टाइप करायचा. पाहुणा पडद्याकडे थोडा वेळ बघायचा, मग त्याला अवघडायला व्हायचं आणि तो मामीकडे वळायचा. मामी मामाच्या वतीने उत्तर द्यायची, "बरे आसात, जेवण जाता, न्हीद मात लागना." विषय पुढे जायचा. पाहुणा पावसाचं, काजूचं, कोणाच्या तरी सोयरिकीचं बोलत असताना मामाचं पहिलं उत्तर पडद्यावर उगवायचं. ते कुणी वाचायचं नाही. मामा ते पुसून टाकायचा. आमचा मामा, जो तालमीत एका विरामासाठी माणसाला रडवायचा, तो आपलंच वाक्य खोडून गप्प बसत होता.

कामाला लागण्याआधी मी स्वयंपाकघरात मामीला गाठलं, तेव्हा तिने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "आज सांजेक मंडळाचे लोक येतले. नाटकाचें विचारूंक." मंडळ म्हणजे गावचं नाट्यमंडळ. अध्यक्ष पेडण्याच्या बाजारातले कापडवाले, आणि त्यांच्याबरोबर येणार होता तो शाळेतला तरुण शिक्षक. हा पोरगा मामाच्याच हाताखाली छोट्या भूमिका करत मोठा झाला होता. यंदा नाटक कोण बसवणार हे ठरायचं होतं.

"मग मामा काय म्हणतो?" मी विचारलं.

मामीने चुलीकडे बघत सांगितलं, "हांवें फोनार सांगलां अध्यक्षांक. तांकां जमचें ना म्हूण."

"मामाक विचारलें?"

ती चुलीतलं लाकूड मागे-पुढे करत राहिली. मग एकदम भडभडून म्हणाली, "विचारूं कशें गे? एक गजाल विचारली जाल्यार जाप येयसर माजो जीव वयर जाता. मंडपांतली धुल्ल, जाग्रणां, त्या गळ्याक कितें जालें जाल्यार? हांव एकटी."

एका प्रश्नाचं उत्तर येईपर्यंत जिचा जीव वर जातो, तिचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. ऑपरेशनच्या दिवसांत इस्पितळाच्या बाकावर बसून ती किती आटली होती ते मी पाहिलं होतं. पण मामाच्या नावाने, मामाला न विचारता, मामाचं नाटक सुटणार होतं, आणि संध्याकाळी ती माणसं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून, चहा पिऊन जाणार होती. तो टाइप करत राहणार होता आणि अक्षरं ते फाटकाबाहेर पडल्यावर येणार होती. मी पदर खोचला. म्हणजे ओढणी. मामीला म्हटलं, चहाच्या वेळेपर्यंत मला हाक मारायची नाही.

पहिली गोष्ट दिसली ती डोळ्यांनीच दिसली. खालच्या डब्यावर मामीने क्रोशाचं सुंदर पांढरं कव्हर घातलं होतं, टीव्हीवर घालतात तसं, मागून पुढून गच्च बसणारं. आत पंखा घोंघावत होता.

"मामी, पयलीं हें फटकूर काड."

फटकूर म्हणायला नको होतं. त्यातल्या क्रोशाच्या फुलांवर तिने पावसाळाभर सुई चालवली होती. ती ते काढून आत घेऊन गेली आणि आतून भांड्यांचा आवाज मोठा येऊ लागला. मी डबा उघडला, मऊ ब्रशने पंख्यावरची पुटं काढली. उदबत्तीची राख, कापसाचे तंतू, एक मेलेली पाल. डबा बंद करून सुरू केला. पंखा शांत झाला. मी ऐटीत मामाला खूण केली. मामाने टाइप केलं. पडदा कोरा.

माझी ऐट उतरली. क्लासमध्ये मी मुलांना सांगायची की आधी नीट बघा, मग हात लावा. आणि इथे मी पहिल्यांदा दिसलं त्यालाच गुन्हेगार ठरवून मोकळी झाले होते.

मग मी टास्क मॅनेजर उघडला. आत कोणकोणती कामं चालू आहेत आणि यंत्राची किती ताकद कोण खातंय, ते तिथे ओळीने दिसतं. तेवढ्यात शेजारचे बँकेतले काका डोकावले. रिटायर झाल्यापासून ते गल्लीचे कॉम्प्युटरतज्ज्ञ होते.

"ती सिस्टम आयडल प्रोसेस बघ," ते म्हणाले. "तीच नड आहे. आमच्याकडे ती अठ्ठ्याण्णव टक्के खाते. मी रोज बंद करतो, बंदच होत नाही."

मी डोळे मिटून श्वास घेतला. "काका, ती ओळ म्हणजे यंत्र किती रिकामं बसलंय त्याचा आकडा. तुमचं यंत्र अठ्ठ्याण्णव टक्के आराम करतंय. त्याला करू दे. इथे बघा, मामाच्या यंत्रात तीच ओळ शून्यावर आहे. ह्याला श्वास घ्यायला जागा नाही, आणि आपण त्यात मराठी टाइप करायला सांगतोय."

काका चष्मा पुसत ती ओळ बघत राहिले. नंतर म्हणाले, "म्हणजे मी इतके दिवस त्याचा आराम मोडत होतो?" आणि त्यांना खरंच वाईट वाटल्यासारखं दिसलं. मला हसू आलं, थोडी मायाही वाटली.

आता वरच्या ओळी. सगळी ताकद खात होते ते तीन व्हायरसरक्षक. एका यंत्रात एक असायला हवा, इथे तीन. नवीन फाइल उघडली की पहिला ती तपासायचा. पहिल्याने हात लावला म्हणून दुसऱ्याला संशय यायचा, तो तपासायचा. त्या दोघांना हलताना बघून तिसरा खडबडून उठायचा, आणि मग पुन्हा पहिला. मामा एक अक्षर टाइप करायचा आणि आत हे तिघे एकमेकांच्या खिशात हात घालत बसायचे.

"हे तीन कुणी घातले?" मी ओरडले.

काकांनी घसा खाकरला. एक त्यांनी घातला होता. दुसरा जावयाने, यंत्राबरोबरच. तिसरा मामाच्या चुलतभावाने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सीडी आणून. आणि ते एवढ्यावर थांबलं नव्हतं. वाळपईच्या मावशीच्या सुनेने पंचांग घातलं होतं, ते दर घटकेला तिथी बदलली का बघायचं. कुणी समयांचा पडदा घातला होता, यंत्र जरा थांबलं की त्यात ज्योती हलायच्या. कुणी सकाळी आपोआप भूपाळी लागेल अशी व्यवस्था केली होती. आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला रिकाम्या हाताने कुणी जात नाही. बिस्किटं, शहाळी, मोसंबी, ज्याला जे सुचेल ते. मामाला बिस्किटं गिळवत नव्हती, शहाळीही पुरे झाली होती. लोकांनी पाहिलं की ह्याचा सगळा जीव त्या कॉम्प्युटरमध्ये आहे. म्हणून जो तो कॉम्प्युटरसाठी काहीतरी घेऊन आला.

"सगळां काडून उडयतां," मी म्हटलं.

तोवर मामी दारात येऊन उभी राहिली होती. "काडूं नाका गे बाय," ती घाबरून म्हणाली. "ताणीं मोगान घाल्लां. फाल्यां येतले, विचारतले, खंय गेलें म्हूण. हांव कितें सांगूं?"

लोकांनी प्रेमाने घातलंय, उद्या येऊन विचारतील, हे मी हसण्यावारी नेलं असतं, पण मला माहीत होतं ती खोटं बोलत नाही. आमच्याकडे आजाऱ्यासाठी आणलेली वस्तू परत करत नाहीत, दुसऱ्याला देत नाहीत, टाकत तर नाहीतच. ती समोर दिसेल अशी ठेवतात. आणणारा पुन्हा आला की त्याची नजर आधी तिच्यावर जाते. मामीच्या कपाटावर अजून न उघडलेले टॉनिकचे डबे रांगेत उभे होते, प्रत्येकाचा देणारा वेगळा. कॉम्प्युटरच्या पोटातही तिने तशीच रांग लावू दिली होती. ह्याचं काढलं तर तो रागावेल, त्याचं ठेवलं तर हा म्हणेल माझं का नाही. आजारपणात ज्यांनी धावपळ केली त्यांना दुखवायचं तिच्या जिवावर आलं होतं. अशा घरात आजारी माणूस सगळ्यांच्या प्रेमाखाली दडपून जातो, आणि कुणाला दोष द्यावा ते कळत नाही.

"मामी, हे सगळे मामाक उलोवंक दिनात," मी म्हटलं. आवाज चढला होता तो मी खाली आणला. "विचारतील त्याला माझं नाव सांग. डिचोलीची भाची आली होती, ती फार तोंडाळ आहे, तिने काढलं."

काकांनी आपला रक्षक आधी काढायला सांगितला, हे मी त्यांच्या बाजूने आवर्जून सांगते. मी जावयाचा ठेवला, बाकीचे दोन काढले. प्रत्येक वेळी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायचं, आणि ते सुरू होताना जीव जाईल इतकं रेंगाळायचं. पंचांग गेलं, समया गेल्या, भूपाळी गेली. दुपारी जेवायलाही मी पाटावर बसले नाही, मेजापाशीच ताट घेतलं. मामीने सुंगटांची, कोळंबीची आमटी दोनदा वाढली, म्हणजे फटकूर माफ झालं होतं.

अक्षरं आता लवकर येऊ लागली, पण अधूनमधून पुन्हा अडकायची. मी पुन्हा ओळी बघितल्या. एक अनोळखी नाव वर चढायचं, अर्धी ताकद खायचं, उतरायचं, परत चढायचं. मी ते बंद केलं. लगेच परत उगवलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा उगवलं. त्याचा एक जोडीदार होता, बारीक, काहीच न खाणारा, नुसता राखण करणारा. पहिला मेला की हा त्याला उठवायचा. दोघांना एकदम बंद केल्यावर पडद्यावर मागे दिसणाऱ्या चित्रातली नात गायब झाली आणि निळा पडदा उरला.

तेव्हा मला कळलं. फोंड्याच्या नातीचे फोटो. पडद्यावर नात सारखी बदलायची, कधी झोपाळ्यावर, कधी तोंडाला शिरा माखलेली, कधी मामाची टोपी घालून. जावयाच्या कुठल्याशा मित्राने बनवलेला प्रोग्राम होता तो. नव्या कॅमेऱ्याचे अवाढव्य फोटो, आणि हा दर थोड्या वेळाने ते सगळेच्या सगळे उघडून नव्याने लहान करत बसायचा. त्याचं काम कधी संपतच नव्हतं.

मी मामीकडे बघितलं. मामीने मान हलवली. "तें न्हय. तें रावूं दी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नात महिन्यातून एखाद्या वेळी यायची. बाकीचे दिवस ती त्या पडद्यावर यायची, आणि दुपारची कामं आटोपली की मामी कदेल ओढून तिथे बसायची. मी दुसरा काही उपाय सापडतो का ते मनात घोळवत होते, फोटो लहान करून ठेवावेत, साधा एकच लावावा, असं काही. आणि संध्याकाळ होत चालली होती.

मामाने माझ्या हातावर हात ठेवला. माउस काढून घेतला. तो प्रोग्राम कुठे आहे ते मी बोटाने दाखवलं, त्याने स्वतः तो काढून टाकला. खरंच काढायचा का, असं यंत्राने विचारलं. मामाने मामीकडे एकदा बघितलं आणि 'होय'वर टिचकी मारली. त्याला नात प्रिय नव्हती असं नाही. त्याला किती बोलायचं होतं ते मला तेव्हा कळलं.

यंत्र पुन्हा सुरू झालं. मी ओळी बघितल्या. ती रिकामं बसण्याची ओळ वर चढत चढत नव्वदीच्या पुढे गेली. मी उठून कदेल मामाला दिली.

त्याने एक कळ दाबली. अक्षर आलं. दुसरी दाबली. आलं. त्याने बोटं उचलून पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मग तो सुटला. पहिलं वाक्य मामीसाठी होतं, आणि ते मराठीत नव्हतं. "गे, भूक लागल्या. खावंक कितें आसा?"

मामीने वाचलं आणि ती मटकन खाली बसली. मला आधी काही समजेना. मग तिनेच सांगितलं. आयुष्यभर मामा तिच्याशी आमच्या पेडण्याच्या बोलीत बोललेला. लिहिणं मात्र त्याचं सगळं मराठी, कचेरीचं आणि नाटकाचं. कॉम्प्युटर आल्यापासून तो तिला "कृपया पाणी देतेस का?" असं विचारायचा. प्रत्येक वाक्य एवढं महागात पडायचं की तो ते जपून, नीट, शुद्ध करून पाठवायचा. "लग्नाच्या पत्रिकेभाशेन उलयतालो," मामी डोळे पुसत म्हणाली. "माका दिसपाचें घोव गेलो आनी हो कोण परको मनीस घरांत येवन रावला."

नवऱ्याच्या जागी आलेला तो परका माणूस आता थांबायला तयार नव्हता. त्याने पदेराच्या उंड्यांना, त्या गोल पावांना, नावं ठेवली. काकांना विचारलं की आज तुमच्या यंत्राला आराम आहे ना. आईची चौकशी केली, मग आईच्या स्वयंपाकाची टिंगल केली. मांजराला हाकललं, टाइप करून. काहीही कामाचं नव्हतं त्यात. रिकाम्या गप्पा. मी मामीच्या शेजारी जमिनीवर बसून नुसती वाचत होते आणि हसत होते.

चहाच्या वेळी अध्यक्ष आले. मागून तो तरुण शिक्षक, हातात शहाळी घेऊन, मान खाली घालून. कदेलींवर बसले. मी मेजाच्या बाजूला उभी राहिले. मामाच्या बाजूने भांडायची माझी पूर्ण तयारी होती. नाटक तोच बसवणार, धुळीचं बघून घेऊ, हा कॉम्प्युटर मी स्वतः मंडपात नेऊन लावीन, अशी सगळी वाक्यं मी मनात जुळवून ठेवली होती.

अध्यक्षांनी विचारलं, "मास्तर, कसे आसात?" आणि सवयीप्रमाणे मामीकडे बघितलं. मामीनेही सवयीप्रमाणे तोंड उघडलं. "हे म्हणटात, औंदू तांकां..."

मामाची बोटं चालली. अक्षरं तिथल्या तिथे आली, मोठी, काळी.

"मी अजून काही म्हटलेलं नाही."

यंदा जमणार नाही, हे मामीचं वाक्य तोंडातच राहिलं. अध्यक्षांनी ते वाचलं, शिक्षकाने वाचलं. मामाने दम घेतला, गळ्याच्या भोकातून येतो तसा, आणि पुन्हा टाइप केलं.

"आता म्हणतो. यंदापासून नाटक ह्याने बसवावं." त्याने शिक्षकाकडे बोट केलं. "चांगलं बसवील. विराम खातो, तेवढं सांभाळायला हवं."

दिवसभर त्या यंत्राशी झगडले ते ह्यासाठी? शिक्षकाचे डोळे भरून आले. तो उठला आणि मामाच्या पाया पडला.

मामी मेजाचा काठ धरून उभी होती. तिचा चेहरा रडवेला झाला होता, थोडा रागावलेलाही. "तेंच न्हय हांवें तांकां सांगिल्लें?" ती म्हणाली. "तेंच सांगपाचें आशिल्लें जाल्यार..."

मामाने तिच्याकडे बघितलं आणि मग हळूहळू, एकेक कळ दाबत टाइप केलं.

"तुवें सांगलें. तें माका स्वता सांगपाचें आशिल्लें."

मामीने ते पुन्हा एकदा वाचलं. मग तिने पदराने तोंड पुसलं, अध्यक्षांना म्हणाली, "आतां जें कितें तें तांकांच विचारात," आणि चहा आणायला आत गेली.